ओट्यापर्यंतची बावीस पावले

अण्णांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरल्याचे कळले, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, ‘आता त्यांना अजिबात उठू द्यायचे नाही.’ मायेपोटी आम्ही ताट, पाणी, वर्तमानपत्र सारे पलंगावरच नेऊन देऊ लागलो. आणि रोज पहाटे आयर्विन पुलापर्यंत चालत जाण्याचा नेम वर्षानुवर्षे पाळलेल्या माणसाला दीड महिन्यात नुसते उठून बसायलाही दोघांचा आधार लागू लागला. तपासण्यांमध्ये आजार फारसा वाढलेला दिसत नव्हता, पण मांड्या वाळल्या होत्या. पडून राहिल्याने स्नायू कोणाचेही झिजतात आणि कर्करोगात ती झीज अधिकच वेगाने होते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

मिरजेच्या डॉक्टरांनी औषधांच्या आधी विचारले ते हे, की दिवसातला किती वेळ ते अंथरुणात असतात. कर्करोगाच्या रुग्णाची हिंडण्याफिरण्याची आणि स्वतःचे स्वतः करण्याची क्षमता 0 (पूर्ण धडधाकट) ते 4 (पूर्णपणे अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळलेला) अशा श्रेणींत मोजतात. जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत जात असेल, तर ती श्रेणी 3. केमोथेरपी झेपेल की नाही, हा निर्णयही बराचसा या श्रेणीवर ठरतो. ते ऐकताना आईने माझ्याकडे पाहिले, ती नजर मी विसरलेलो नाही.

चालायला लावण्यापूर्वी मांडीच्या हाडाचा एक्स-रे काढला, कारण कर्करोगाने पोखरलेले हाड नुसत्या शरीराच्या भारानेही मोडू शकते. ही खातरजमा झाल्याशिवाय कोणीही रुग्णाला हौसेने उभे करू नये. कंबरेच्या दुखण्यासाठी रेडिएशनची एकच बैठक झाली, आठ ग्रेची (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), आणि काही आठवड्यांत ठणका पुष्कळ उतरला. पाठदुखीबरोबर पायांत अचानक अशक्तपणा किंवा बधिरपणा आला, लघवी अडली, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, तेव्हा सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हेही डॉक्टरांनी बजावले. हे प्रत्येक घराने पाठ करून ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

फिजिओथेरपिस्ट ताई घरी येऊ लागल्या. त्यांनी सुताराकडून पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घेतले, कारण बुटक्या पलंगावरून उठताना गुडघ्यांवर फार ताण येतो. चालण्याच्या अर्धा तास आधी मॉर्फिनची गोळी; मग कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे, हाताने पलंगाची कड दाबत बसते व्हायचे, चक्कर येत नाही ना हे पाहण्यासाठी मिनिटभर थांबायचे आणि मगच वॉकर धरायचा. पहिल्या दिवशी मी त्यांच्या दंडाला घट्ट धरले, तर अण्णा म्हणाले, ‘धरू नकोस रे, नुसता जवळ उभा राहा.’

पलंगापासून ओट्यापर्यंत बावीस पावले होती. तिथवर ते तीन आठवड्यांनी पोहोचले आणि तुळशीला स्वतःच्या हाताने तांब्याभर पाणी घातले. अंगात बळ मोजकेच असेल, तर ते कशावर खर्च करायचे हे रुग्णानेच ठरवावे: अण्णांनी आंघोळीला खुर्ची आणि बाहेर जायला व्हीलचेअर बिनतक्रार स्वीकारली, पण ओट्यावर मात्र चालतच जाणार म्हणाले. जेवण वाढले, झोप सुधारली. रोग होता तिथेच होता.

असे जवळजवळ पाच महिने गेले. शेवटच्या पंधरवड्यात पायांत बळ उरले नाही, तेव्हा आम्ही पलंग दाराकडे तोंड करून ठेवला आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलू लागलो. मी खांद्याखाली हात घातला, की तेही पलंगाच्या कठड्याला बोटे अडकवून आपल्या परीने अंग ओढत. शेवटच्या दोन रात्री सोडल्या, तर ती ओढ मला प्रत्येक वेळी जाणवली.