उकळून घाला, म्हणालो होतो

फोंड्यात माझं फिशटँकचं दुकान आहे, पण खरी कमाई घरोघरचे टँक साफ करण्यात. आमच्या गोव्यात मासा ताटात असला की जो तो जाणकार. काचेत असला की मला फोन येतो.

त्या रविवारी कवळ्याहून एका वहिनींचा आला. "दादा, निऑन वर येऊन तोंडं मारताहेत. दोन गेले." निऑन म्हणजे चिमुकले शोभेचे मासे. टँक मीच बसवलेला, जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी. पोटात गोळाच आला.

गेलो. पंप, फिल्टर, सगळं चालू. तळाशी मात्र नवी सजावट: मुलांनी मिरामारहून वेचून आणलेले शंख आणि जेवणातल्या तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, कवच्या, चांगल्या चार ओंजळी. "घातल्या तर चालतील ना?" असं वहिनींनी फोनवर विचारलं होतं आणि मी घाईत "उकळून घाला" म्हणून मोकळा झालो होतो. बिचाऱ्यांनी वीस मिनिटं उकळल्या होत्या.

पाणी किती आम्ल, किती अल्क ते सांगणारा आकडा म्हणजे पीएच. टँकचा पीएच ७.८. त्यांच्या विहिरीचा, आम्लाकडचा, ६.४. शिंपल्यांतला चुना पाण्यात विरघळून तो चढला होता. वर अमोनियाही दिसत होता. टँक नवा, फिल्टरात अमोनिया फस्त करणारे जिवाणू अजून धरले नव्हते आणि मुलं दिवसातून चारदा खाणं टाकत होती. आम्लधर्मी पाण्यात हा अमोनिया बहुतेक निरुपद्रवी रूपात राहतो. पीएच एकाने चढला की त्याचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

मी हे समजावत असताना आजी माजघरातून म्हणाल्या, "अरे, शिंपल्या भाजून तर चुना करायचे. उकळून चुना जातो होय?"

मला बोलायला जागाच नव्हती. शेजारणीकडून सुरेचं व्हिनेगर मागवलं, दोन थेंब कवचीवर टाकले. फसफसली, म्हणजे चुना जागच्या जागी. मुलं खूश, मी ओशाळा.

शिंपल्या काढल्या, खाणं बंद केलं. सगळं पाणी एकदम बदललं असतं तर पीएच धाडकन उतरून उरलेलेही गेले असते, म्हणून सकाळी पाव टँक, संध्याकाळी पाव टँक पाणी बदललं. तरी रात्रीपर्यंत आणखी तीन गेले. बारातले सात वाचले.

नंतर ओढ्यातले गोटे घातले, तेही आधी व्हिनेगर टाकून बघून. आजींनी शिंपल्या तुळशीच्या बुंध्याशी मांडल्यात. पाच निऑन मी माझ्याकडचे नेऊन दिले, पण टँक नीट बसल्यावर, महिन्याभराने.