पाठीवर घ्यायचं की गाडीवर बांधायचं

पावसाळा सुरू झाला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो. माझ्याकडे ट्रेकची चांगली ४० लिटरची सॅक आहे, तीच पाठीला लावून मोटरसायकलवर पुण्याहून ताम्हिणी घाटातून श्रीवर्धनला गेलो तर चालेल का? दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतोय. माझं मत स्पष्ट आहे, मुक्कामाची राइड असेल तर सामान गाडीवर बांधा आणि पाठ मोकळी ठेवा.

ट्रेकला जी सॅक आरामात चालते ती गाडीवर का त्रास देते हे आधी बघू. चालताना कंबरेचा पट्टा घट्ट बांधला की बरंचसं वजन कंबरेवर येतं, खांद्यावर फार कमी राहतं. गाडीवर तुम्ही बसलेले असता, थोडे पुढे वाकलेले, हात हँडलवर ताणलेले, त्यामुळे तो पट्टा पोटात रुततो म्हणून लोक सोडून टाकतात आणि मग सगळं वजन खांद्यावर, त्यात रस्त्याचा प्रत्येक खड्डा खांद्यावरच बसतो. मुळशी येईपर्यंत मान आखडते, माणगावपर्यंत बोटांना मुंग्या येतात, आणि मुंग्या आलेल्या बोटांनी घाटात क्लच-ब्रेक धरायचा म्हणजे गंमत नाही. काही जण पट्टे सैल करून सॅकचा तळ मागच्या सीटवर टेकवतात, त्याने खांदे सुटतात हे खरं, पण वळणावर गाडी झुकली की सॅक सीटवरून घसरते आणि तुम्हाला बाजूला ओढते. सॅक उंच असेल तर अजून एक, तिचं डोकं हेल्मेटला मागून लागतं आणि मान धड वर करता येत नाही.

आता पडण्याबद्दल. हा विषय कोणालाच आवडत नाही पण बोलायलाच हवा. सॅकमध्ये काय भरलंय ते आठवून बघा: स्टीलची बाटली, लॅपटॉपचा चार्जर, ट्रायपॉड, कुलूप. हे सगळं मणक्याला लागून. रायडिंग जॅकेटमधल्या बॅक प्रोटेक्टरसाठी, म्हणजे मणका वाचवणाऱ्या पॅडसाठी, ईएन १६२१-२ असं युरोपियन स्टँडर्ड आहे, त्यात आदळल्यावर पॅडमधून पलीकडे किती जोर पोचतो ते मोजतात, सरासरी १८ किलोन्यूटनच्या (जोर मोजायचं एकक) आत असेल तर लेव्हल १ आणि ९ च्या आत असेल तर लेव्हल २, म्हणजे आकडा कमी तितकं पॅड चांगलं. पोरं हौसेने लेव्हल २ चं पॅड घेतात आणि त्याच्यावर स्टीलची बाटली बांधून निघतात, मग त्या पैशाचा उपयोग काय? सॅक गादीचं काम करते असंही ऐकलंय, आत नुसते कपडे असतील तर थोडंफार तसं होतही असेल, पण नुसते कपडे कोण घेऊन जातं, आणि पाठीखाली असं गाठोडं आलं की माणूस सपाट न घसरता मागे वाकतो ते वेगळंच.

शिवाय मेश (जाळीच्या कापडाच्या) जॅकेटची हवा जायची जागा पाठीवरच असते आणि तीच सॅकने झाकली जाते, एप्रिलमध्ये कोकणात उतरताना हे लगेच कळतं. पावसात रेनकव्हर लावलं तरी ते बाहेरच्या बाजूलाच असतं, मानेवरून ओघळणारं पाणी पाठ आणि सॅकच्या मधून खाली उतरतं आणि सॅकची पाठीकडची बाजू भिजवून टाकतं.

गाडीवर वजन कसं लादायचं हे बघायचं असेल तर गावाकडच्या दूधवाल्याची गाडी नीट बघा. दोन्ही बाजूला लोखंडी हुक, त्याला ॲल्युमिनियमचे मोठाले कॅन, दोन्हीकडे सारखं वजन, आणि सगळं खाली, मागच्या चाकाच्या आखाजवळ. तो माणूस खडीच्या रस्त्यावरून रोज पहाटे तसा जातो. आपल्या सॅडलबॅगला, म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या जोडबॅगांना, हाच नियम लागू आहे, जड ते खाली, शक्य तितकं पुढे, आणि डावी-उजवी बाजू सारखी. टूलकिट, पंक्चरचं सामान, बूट हे सॅडलबॅगच्या तळाला, स्लीपिंग बॅग आणि कपडे वरच्या टेलबॅगमध्ये, म्हणजे मागच्या सीटवर बांधायच्या बॅगेत.

पण सॅडलबॅग नुसती सीटवर टाकून निघू नका, आधी स्टे, म्हणजे बॅग चाकापासून लांब धरणारे लोखंडी रॉड, बसवून घ्या. पुण्यात नाना पेठेत तयार मिळतात, नाहीतर कुठलाही चांगला फॅब्रिकेशनवाला गाडी समोर उभी करून रॉड वाकवून देतो आणि माझ्या मते तेच बरं पडतं कारण सायलेन्सरपासून किती लांब ठेवायचा ते तिथल्या तिथे दाखवता येतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना सायलेन्सर उजवीकडे, म्हणून उजव्या बॅगेखाली चार बोटं तरी जागा हवीच, आणि ती जागा रिकाम्या गाडीवर मोजून उपयोग नाही. दोन जणांना सीटवर बसवून गाडी दाबायला सांगा, शॉकअप पूर्ण बसल्यावर बॅग टायरला किंवा सायलेन्सरला लागते का ते खाली वाकून बघा. इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना तेही त्याच वेळी बघून घ्या.

टेलबॅग बांधायला बंजी कॉर्ड (टोकांना हुक असलेली ताणाची दोरी) स्वस्त पडते पण मला ती अजिबात पटत नाही. ताणलेला हुक सुटून डोळ्यावर आला तर काय होतं ते सांगायला नको, आणि सैल झालेली दोरी मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेली तर चाक जागच्या जागी अडकतं. बकलचे चपटे पट्टे वापरा आणि उरलेली टोकं गुंडाळून खोचा. पहिल्या चहाला थांबाल तेव्हा पट्टे परत ओढा, कारण कपडे दबतात आणि सगळं ढिलं पडतं.

पेट्रोलच्या टाकीवर बसणारी टँकबॅग लहानच घ्यावी. मॅग्नेटवाली फक्त लोखंडी टाकीला चिकटते, वर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर पट्ट्याची घ्यायला लागते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, बॅगेने हॉर्न दाबला गेला तर ती मोठी आहे. टॉपबॉक्स, म्हणजे मागच्या कॅरिअरवरची कडक पेटी, शहरात फार सोयीचा, हेल्मेट आत टाकून कुलूप लावता येतं, पण लांबच्या राइडला जड सामान त्यात नको. वजन आखाच्या मागे आणि वर जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल लटपटायला लागतं. असे बॉक्स बनवणारी गिवीसारखी कंपनीसुद्धा आपल्या मोठ्या टॉपबॉक्सला १० किलोची मर्यादा सांगते, आणि खालच्या कॅरिअरची मर्यादा बऱ्याचदा त्याहून कमी असते, त्यातला कमी आकडा धरायचा. लोखंडी पॅनिअर (दोन्ही बाजूंना बसवायच्या पेट्या) मजबूत पण ट्रॅफिकमध्ये रुंद पडतात, आणि कच्च्या रस्त्यावर पाय टेकवताना पोटरी मागून पॅनिअरखाली सापडू शकते.

मग सॅक कधी? कॅमेऱ्यासाठी. मागच्या कॅरिअरवर जी थरथर होते त्याने लेन्सचे स्क्रूसुद्धा ढिले पडतात, आपलं अंग ती थरथर बरीच खाऊन टाकतं. हिंजवडीला ऑफिसात लॅपटॉप घेऊन जाण्यापुरतीही सॅक बरोबर आहे, तीन-चार किलोच्या आत, छातीचा पट्टा लावून, लॅपटॉप सोडून आत टणक काही नाही. नळीने पाणी प्यायची दोन लिटरची हायड्रेशन बॅगही चालते.

मला खरं वाईट वाटतं ते डिलिव्हरीच्या पोरांचं. ती मोठी चौकोनी पेटी पाठीवर, तीही दिवसभर. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत २०२० साली बदल होऊन मोटरसायकलवर हलका कंटेनर बसवायला परवानगी मिळालेली आहे, लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० आणि उंची ५०० पर्यंत, मागच्या सीटच्या जागेवर बसवला तर डबलसीट बसता येत नाही अशी अट. गाडी पोराची स्वतःची, संध्याकाळी घरच्यांना त्याच गाडीवर न्यायचं असतं, म्हणून तो पेटी कायमची बसवत नाही. पटकन काढता-घालता येणारं कॅरिअर कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने द्यायला पाहिजे, पोराच्या पाठीपुढे तो खर्च काहीच नाही.

जाता जाता एक, सामान चढवल्यावर गाडी मागून बसते आणि हेडलाइटचा झोत वर जातो. मग समोरचे ट्रकवाले अप्पर-डिप्पर करत राहतात आणि आपल्याला जवळचा रस्ता दिसत नाही. आदल्या रात्रीच सगळं बांधून, गाडीवर बसून, भिंतीवर झोत कुठे पडतोय ते बघा, मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) टूलकिटमधल्या पान्याने एक-दोन घर वाढवा आणि टायरमध्ये हवा गाडीच्या पुस्तकात डबलसीटसाठी दिलेल्या आकड्याएवढी भरा.