योकोहामात दिवस कसा गेला

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली एक नवी सून पुढच्या महिन्यात नवऱ्याबरोबर जपानला चालली आहे. व्हिसा, तूरडाळ, थंडीचे कपडे, सगळं विचारून झालं आणि मग जिन्यात थांबून तिने हळूच विचारलं, "काकू, तिकडे दिवस कसा जातो हो?" जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

एप्रिल २०१८ ते मार्च २०१९ आम्ही योकोहामात होतो. ह्यांचं डेप्युटेशन. मुलगी कॉलेजात, म्हणून ती इथे आजीजवळ राहिली. मी डिपेंडंट व्हिसावर. त्यावर वेगळी परवानगी काढली तर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, पण भाषेशिवाय कोण काम देणार?

कागदपत्रांची फार धास्ती घेऊ नये. रेसिडेन्स कार्ड विमानतळावरच हातात पडतं. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन त्यावर पत्ता घालून घ्यायचा. योकोहामात असे १८ वॉर्ड आहेत. आमचं काम तासाभरात झालं. खिडकीवरच्या बाईंनी जाताना कचऱ्याचं एक पत्रकही दिलं. ते मी घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलं. खरं तर सगळ्यात आधी तेच वाचायला हवं होतं.

मी गिरगावात चाळीत वाढले. दुपारी दार लोटलेलं दिसलं तरी "बरं नाही का गं?" म्हणून कुणीतरी डोकवायचं. योकोहामात दारं बंद ती बंदच. हे आठला बाहेर पडले की रात्री नऊपर्यंत माझ्याशी बोलणारी एकच व्यक्ती, कोपऱ्यावरच्या कोंबिनीत गल्ल्यावर बसणारी मुलगी. कोंबिनी म्हणजे चोवीस तास उघडं असणारं दुकान. तिला बोलताना ऐकायचं म्हणून मी दूध एकदा आणि ब्रेड परत जाऊन वेगळा आणायचे. कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स व्हायचं, शेजारी काय म्हणतील म्हणून.

ह्यांच्या ऑफिसातल्या एका जपानी बाईंनी आधीच कळवलं होतं की नव्या घरात गेल्यावर दोन्ही बाजूंना, वर आणि खाली जाऊन नमस्कार करून यायचा, सोबत टॉवेलसारखी छोटीशी भेट न्यायची. मी दादरहून सुती पंचे नेले होते. शेजारच्या आजींनी पंचा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "तेनुगुई!" त्यांच्याकडेही असंच पातळ सुती कापड असतं, हात पुसायला, डोक्याला बांधायला. वाकून नमस्कार झाला, दार लागलं. पुढे तीन आठवडे काही नाही.

मग एका सकाळी कचऱ्याच्या जागी माझी पिशवी तशीच पडलेली दिसली. बाकी सगळ्या उचललेल्या, माझ्या एकटीवर चिठ्ठी चिकटवलेली. जळणारा कचरा आठवड्यातून दोन दिवस, प्लास्टिकची वेष्टनं वेगळ्या दिवशी, डबे-बाटल्या वेगळ्या, आणि जे काय असेल ते सकाळी आठच्या आत. मी सगळं एकत्र बांधून ठेवलं होतं. पिशवी परत घरात आणली आणि ओट्याजवळ बसून रडले. कचऱ्यासाठी नव्हे. कुणी नीट ओरडलंसुद्धा नाही, ह्याचं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी पत्रक घेतलं आणि आजींची बेल वाजवली. हातात नारळाची करवंटी होती, कारण ती कुठल्या दिवशी टाकायची हे पत्रकात मला सापडेना. आजींनी करवंटी उलटीपालटी करून बघितली, वाजवून बघितली, मग चपला घालून माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि डबाच उपसायला बसल्या. बाटलीचं झाकण वेगळं, कागद वेगळा. दुधाचा खोका धुवायचा, कापून उघडायचा, वाळवायचा. फोनवरचं भाषांतर आणि हातवारे, दीड तास! जाताना त्यांनी चहा घेतला, आल्याचा. माझ्या घरी प्यायलेला तो पहिला परका कप.

तेव्हापासून माझी ओळख वाढली ती ह्याच रस्त्याने. कचऱ्याच्या जागेवर कावळ्यांसाठी जाळी घालतात आणि ती आवरायची, जागा झाडायची पाळी घराघरांत फिरते. माझी पाळी आली त्या आठवड्यात मला सहा जणींची तोंडओळख झाली. शेजारमंडळाची सूचनांची पाटीही घरोघर फिरते, तिला काइरानबान म्हणतात. वाचून सही करायची आणि पुढच्या घरी नेऊन द्यायची. मला अक्षर कळत नसे, तरी मी ती कधी दारात ठेवून आले नाही. बेल वाजवून हातात दिली, दोन शब्द बोलले.

आजींनीच मला सकाळी साडेसहाला बागेत नेलं. रेडिओवर पियानो लागतो आणि त्यावर दहा मिनिटं कवायत. हे १९२८ पासून चालत आलंय. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत पोरं गळ्यात कार्ड अडकवून येतात आणि रोज एक शिक्का मिळवतात. मलाही एक कार्ड मिळालं. अजून कपाटात आहे. भाषेसाठी आंतरराष्ट्रीय लाउंजमध्ये, म्हणजे परदेशी रहिवाशांच्या मदत केंद्रात, निवृत्त मंडळी शिकवायची, तिथेही जात होते, पण माझं खरं जपानी बागेत झालं.

आपली माणसं भेटत नाहीत असं नाही. टोकियोच्या निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे. रविवारी तिथे जाऊन आम्ही डाळी-मसाले आणायचो, दिवाळीत फराळ केला, मनसोक्त मराठी बोललो. जावंच. पण सोमवार येतोच, आणि सोमवारी सकाळी कामी येतं ते समोरचं दार. निम्मा आठवडा रविवारची वाट बघण्यात घालवणाऱ्या दोघीतिघी मी पाहिल्या, फार कष्टी असायच्या. म्हणून हे एवढं आग्रहाने सांगतेय.

मन फारच भरून आलं की मी यामाशिता पार्कात जायचे. तिथे समुद्राच्या कडेला घुमटाचं एक पाणपोईसारखं बांधकाम आहे. १९२३ च्या भूकंपानंतर योकोहामाने भारतीय व्यापाऱ्यांना मदत केली, त्याची आठवण ठेवून त्यांनी ते १९३९ मध्ये शहराला दिलं. आतल्या छतावरची नक्षी बघत मी बराच वेळ उभी राहायचे. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून भगिनी शहरं आहेत, हे मला तिथे जाऊन कळलं.

निघताना वॉर्ड ऑफिसात कळवायचं, विमानतळावर कार्डाला भोक पाडून देतात. मोठं सामान तसंच टाकता येत नाही. आधी नोंदणी करायची, पैसे भरायचे, चिठ्ठी चिकटवायची. आमच्या गाद्यांच्या चिठ्ठ्या आजींनी स्वतःच्या हाताने लावल्या. त्यांच्या खांद्यावर पंचा होता, धुऊन धुऊन मऊ झालेला.

काल दादरला गेले होते. सुनेसाठी चार पंचे आणलेत. दोन्ही बाजूंना एकेक, एक वर, एक खाली.