घरी बसा म्हणलं, पण कशाच्या जिवावर?

मार्च 2020 मध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला एका बिल्डिंगचं काम चालू होतं, तिथे पत्र्याच्या खोल्यांमध्ये मध्य प्रदेशातली सात-आठ कुटुंबं राहायची. 24 तारखेला रात्री आठला पंतप्रधानांचं भाषण झालं, कोरोनामुळे बारापासून देश बंद. म्हणजे हातात चार तास. तीन-चार दिवसांनी आई पिठाची पिशवी घेऊन तिकडे गेली तर एक बाई चुलीपुढे बसून तांदूळ वाटीने मोजत होती, सहा वाट्या भरल्या, परत डब्यात ओतले, परत मोजले. ठेकेदाराचा फोन बंद, पंधरा दिवसांची हजेरी अडकलेली आणि रेशनकार्ड गावाला.

त्याच आठवड्यात न्यूझीलंडनेही लॉकडाऊन लावला, आणि तो काही नरम नव्हता, हॉटेलातलं पार्सलसुद्धा बंद होतं. पण 23 मार्चला दुपारी सांगितलं की 25 च्या मध्यरात्रीपासून सगळं बंद, म्हणजे दोन दिवस मिळाले. आणि पगाराची सोय त्याच्याही आधी, 17 मार्चलाच जाहीर झाली होती, फुल टाइम कामगारामागे आठवड्याला 585.80 डॉलर, बारा आठवड्यांचे एकरकमी मालकाच्या खात्यात, त्याने ते पगारापोटी द्यायचे. जर्मनीत तर अशी योजना आधीपासूनच होती, काम कमी झालं तर बुडालेल्या पगाराचे 60 टक्के सरकार देतं, पोरंबाळं असतील तर 67. नवीन काही शोधावं लागलं नाही, फक्त नियम सैल केले.

आता लोक म्हणतात की 50 लाखांचा देश कुठे आणि आपण कुठे, आपल्याकडे बहुतेक सगळे रोजंदारीवाले, त्यांची नोंदच नाही तर पैसे टाकणार कोणाच्या खात्यात. हे मला पटतं. पण धान्याचं काय? एफसीआयची, म्हणजे सरकारी अन्न महामंडळाची, गोदामं तेव्हा भरलेली होती. 26 मार्चला माणशी 5 किलो फुकट जाहीर केलं तेही कार्डवाल्यांना, आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही अशा स्थलांतरित मजुरांसाठी घोषणा व्हायला 14 मे उजाडला. त्याच्या सहा दिवस आधी, 8 मेला पहाटे, जालन्याहून चालत निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळावर झोपले होते आणि मालगाडी गेली. रुळांवर पडलेल्या चपात्यांचा तो फोटो मी आजही बघू शकत नाही.

आपल्याला जमतच नाही असंही नाही हो. धारावीत जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसं, संडास सार्वजनिक, एका खोलीत आठ जण, तिथे होम क्वारंटाइन सांगणं म्हणजे थट्टाच. महापालिकेने ते ओळखलं, शाळा ताब्यात घेतल्या, लोकांना तिथे ठेवलं आणि दोन वेळचं जेवण दिलं. जेवण मिळतंय म्हणल्यावर माणूस थांबतो, पळून जात नाही.

मला खटकतं ते हे की आपण वापरला तो साथरोग कायदा 1897 चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. इवलासा कायदा आहे, सरकारला काय काय करता येईल ते आहे, न ऐकणाऱ्याला शिक्षा आहे, अधिकाऱ्यांना संरक्षण आहे. 2020 मध्ये दुरुस्ती करून डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा आणली, ते चांगलंच केलं. पण बंद काळात मजुराला धान्य कोण देणार, मजुरी कोण देणार, आधी किती तास सांगायचं, यावर त्यात एक ओळसुद्धा घातली नाही.