जंग की ज़ंग?

साहिर लुधियानवींची 'ऐ शरीफ़ इन्सानो' मी केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, बसवली होती. १९६५ च्या भारत-पाक युद्धाची सावली असलेली नज्म, ३० जानेवारीचा कार्यक्रम, पंधरा पोरंपोरी. त्या आठ मात्रांत सगळं झकास पळत होतं. युद्ध नको म्हणणारे शब्द, अन् पोरांचे पाय कवायतीसारखे आपटून राहिले होते! मला ते खटकत होतं, पण नऊच दिवस उरलेले. केला कानाडोळा.

उच्चार तपासायला मोमिनपुऱ्यातून एक निवृत्त उर्दू शिक्षक आले. पुढच्या रांगेतली पोरगी गायली, 'ज़ंग टलती रहे तो बेहतर है.'

सरांनी हात वर केला. "बेटा, काय टळायला पाहिजे म्हणते?"

"युद्ध, सर."

"तू तर गंज म्हणून राहिली."

चूक माझी होती. उर्दू गायची तर दिसेल त्या ज ला नुक्ता, म्हणजे खालचा ठिपका, द्या, असं मीच शिकवलेलं. त्यात मराठी जिभेला 'जहाज'मधला ज सवयीचा. युद्धाच्या जंगमधला ज मात्र 'जीव'मधला. नुक्ता दिला की लोखंडावरचा गंज. तबलजी म्हणाला, "आपल्याकडच्या पावसात तोही टळला तर बरंच." सगळे हसले. मी जरा उशिरा हसलो.

मग सरांनी ती ओळ चालीविना म्हटली, बोटांनी पेटीच्या झाकणावर वजन देत. वृत्ताचे गण: फ़ाइलातुन, मफ़ाइलुन, फ़ेलुन. सतरा मात्रा. तबलजीनं मला न विचारताच सात मात्रांचा रूपक ताल धरला. तीन-दोन-दोन: 'जंग', 'टल', 'ती'. पहिलं आवर्तन तंतोतंत भरलं. 'रहे तो बेह' एक मात्रा कमी, म्हणून 'बेह' थोडा ताणला. 'तर है' चारच मात्रांचं. उरलेल्या तीन पेटीला.

आणि रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर येते, रिकाम्या जागी. 'जंग' हा शब्द बरोबर तिथं येतो जिथं डग्गा, तबल्याचा डावा, गप्प असतो. माझ्या केरव्यात तिथंच धा दणकत होता.

दोन महिन्यांची चाल त्या संध्याकाळी मोडली. पोरं कुरकुरली, मीही. साडेनऊला सर चप्पल घालत होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी 'नस्ल-ए-आदम'मधल्या 'नस्ल'चं 'नसल' केलं अन् ठेका घसरला.

सरांनी चप्पल काढली. "चहा सांगा," म्हणाले.