जुने मासे ठणठणीत, नवे तिसऱ्या दिवशी खल्लास

खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणं हा माझा धंदा. ‘मासे मरताहेत’ असा फोन आला की मी आधी विचारते, कोणते? या काकांचं उत्तर तयारच होतं.

‘जुना एकही नाही गं. क्लाउनची जोडी, डॅमसेल, फॉक्सफेस, सगळे मजेत. नवा आणला की पहिल्या दिवशी खातो, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात जाऊन बसतो, तिसऱ्या दिवशी खल्लास. अंगावर डाग नाही, ओरखडा नाही. आत्ता एक शेवटच्या घटका मोजतोय आणि दुसरा आजच आणलाय, पिशवीत आहे. सोडू का त्याला?’

‘अजिबात नको. पिशवी तशीच तरंगत ठेवा, मी निघाले.’

या उत्तरात अर्धं निदान झालं होतं. टाकीत अमोनिया चढला किंवा कुठून तांबं उतरलं तर ते जुना-नवा बघत नाही, सगळ्यांनाच लोळवतं. नवेच तेवढे मरत असतील तर प्रश्न वेगळा: नव्याला असं काय सोसावं लागतंय, जे जुन्यांना सोसावं लागत नाही? बरेच जण इथे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजायच्या बाटल्या काढून बसतात, सगळे आकडे चांगले येतात आणि मग ‘मासाच कमजोर होता’ म्हणून पुढचा आणतात. काकांनीही तेच केलं होतं, फक्त फार व्यवस्थितपणे. चारशे लिटरची टाकी, फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरच्या मानेला काळपटपणाचा मागमूस नाही, सम्पमधला, म्हणजे खालच्या जोडटाकीतला, कापडी फिल्टर धुतलेला. शेजारी एक जाड वही, तिच्यात दर आठवड्याचं माप.

मरायला टेकलेला मासा होता कोरल ब्यूटी, जांभळ्या-नारिंगी रंगाचा छोटा एंजल. दगडाला टेकून तिरका पडला होता, कल्ले भराभर चालू होते. असं दृश्य दिसलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं व्हेल्व्हेट रोगाचं. अमायलोओडिनियम नावाचा हा परजीवी आधी कल्ल्यांत शिरतो, त्यामुळे अंगावर काही दिसायच्या आत मासा गुदमरून जातो, कधीकधी दोन दिवसांतच. आणि ज्या माशांनी तो एकदा झेलून पचवलाय त्यांना थोडीफार प्रतिकारशक्ती येते, म्हणजे ‘जुने ठीक, नवे मेले’ हे कोडं तोही घालू शकतो. खोलीतला दिवा मालवला, टॉर्च माशाच्या अंगाला अगदी समांतर धरला. व्हेल्व्हेट असेल तर अशा तिरक्या उजेडात सोनेरी भुकटी भुरभुरल्यासारखी दिसते. काही दिसलं नाही. शिवाय मासा पंपाच्या झोतात तोंड घालून उभा नव्हता. व्हेल्व्हेट झालेले मासे बहुधा तिथेच जाऊन उभे राहतात.

नुसत्या डोळ्यांवर मी विसंबत नाही. माशाला ओल्या हातमोज्यात धरून कल्ल्याच्या कडेचा अगदी बारीक तुकडा घेतला, काचपट्टीवर त्याच टाकीच्या पाण्याचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली घातला. व्हेल्व्हेटच्या तपकिरी, न हलणाऱ्या, नासपतीच्या आकाराच्या पेशी लपत नाहीत. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा क्रिप्टोकॅरियन असेल तर तो जागच्या जागी संथ गिरक्या घेताना दिसतो. इथे दोन्ही नव्हते. कल्ल्याच्या पाकळ्या स्वच्छ होत्या.

काकांनी आधीचे दोन मासे फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. ‘तुला तपासायला,’ म्हणाले. त्यांचा उत्साह मोडवत नव्हता, पण गोठलेल्या माशातून फारसं काही हाती लागत नाही. पेशी फुटतात, आणि मासा मेला की परजीवी बहुतेक आधीच त्याला सोडून गेलेले असतात. मरणाऱ्या माशाचा किंवा तासाभरापूर्वी मेलेल्याचाच नमुना कामाचा.

काकांचा स्वतःचा संशय सायनाइडवर होता. तो अगदीच हवेतला नव्हता. प्रवाळाच्या फटींत सोडियम सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडायचे ही रीत फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात बंदी असूनही पुरती थांबलेली नाही, आणि असे मासे काही दिवस बरे दिसून अचानक जातात. पण काकांच्या वहीत मेलेल्यांमध्ये क्लाउनफिशची पिल्लंही होती, हॅचरीत वाढवलेली. त्यांनी प्रवाळ कधी पाहिलाच नव्हता. त्यांना कोण सायनाइड देणार?

रात्रीचा ऑक्सिजन ही आणखी एक शक्यता. खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसात. वरून काचेचं घट्ट झाकण आणि पृष्ठभागावर तेलकट साय असेल तर पहाटेपर्यंत तो आणखी घसरतो आणि प्रवासाने दमलेला मासा पहिला बळी जातो. इथे झाकण जाळीचं होतं, स्किमर रात्रभर चालायचा. तोही मुद्दा मी सोडून दिला.

मग वही उघडली. खारटपणाच्या रकान्यात, म्हणजे टाकीचं पाणी शुद्ध पाण्याच्या किती पट जड ते, दर आठवड्याला १.०२५. पान उलटलं, १.०२५. आणखी मागे गेले, तेच. सांभाळलेल्या टाकीतही एखाद्या आठवड्याला पाणी जास्त उडतं, आकडा १.०२६ होतो, भरणी जास्त झाली की १.०२४ येतो. हा आकडा मात्र जागचा हललाच नव्हता.

‘काका, कशाने मोजता?’

त्यांनी हायड्रोमीटर आणून दिला. प्लास्टिकची चपटी डबी, आत झुलणारा काटा. पाणी जितकं जड तितका काटा वर. डबी उजेडात धरली तर काट्याच्या टोकाला पांढरट थर दिसला, नखाने खरवडूनही न निघणारा. दर वेळी मापून झाल्यावर डबी गोड्या पाण्याने धुतली नाही की असा चुन्याचा थर बसत जातो. त्याच्या वजनाने काटा खाली ओढला जातो आणि आहे त्याहून कमी आकडा दाखवतो. हवेचा बुडबुडा चिकटला तर उलटं होतं, पण बुडबुडा टिचकीने सुटतो.

माझा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून उजेड किती वाकतो त्यावरून खारटपणा सांगणारं यंत्र, मी ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवते. ३५ पीपीटी म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, खऱ्या समुद्राएवढे; हायड्रोमीटरवर साधारण १.०२५. शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर शून्यापाशी खरा बोलतो, ३५ पाशी बोलेलच असं नाही. द्रावणाचा थेंब ठेवून आधी तो तपासला, मग टाकीचा थेंब. चाळीस. काच पुसून पुन्हा घेतला. चाळीसच.

मग पिशवीतलं पाणी काढलं. चोवीस.

विक्रेते पाणी मुद्दाम कमी खारट ठेवतात, यात लबाडी नाही. कमी खारटपणात काही परजीवींना जगणं अवघड जातं आणि मीठही वाचतं. पण चोवीसच्या पाण्यातून मासा थेट चाळीसमध्ये! काका ड्रिप लावायचे, नळीतून थेंब थेंब पाणी, तीन-तीन तास. त्यांना वाटायचं, इतकं सावकाश केल्यावर आणखी काय करायचं? या बदलाच्या मानाने तीन तास काहीच नाहीत. समुद्री माशाच्या अंगातला द्रव समुद्राच्या साधारण एक-तृतीयांशच खारट असतो, त्यामुळे बाहेरचं पाणी त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढत असतं. भर पाण्यात राहून तो तहानलेलाच असतो. म्हणून तो पाणी पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर टाकतात. चोवीसच्या पाण्यात या पेशींचं काम हलकं झालेलं असतं, आणि पुन्हा जोर धरायला त्यांना काही दिवस लागतात. तेवढा वेळ मिळाला नाही तर मासा आतून सुकत जातो. पहिल्या दिवशी खातो, कारण अजून निभतंय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळतो. त्या कोरल ब्यूटीचं पोटही आत ओढलेलं दिसत होतं.

उलट दिशेला, म्हणजे खारट पाण्यातून कमी खारट पाण्यात, बहुतेक मासे बरंच सोसतात. म्हणून तिला लगेच हवेची नळी सोडलेल्या बादलीत पंचवीसच्या आसपासच्या पाण्यात ठेवली.

‘पण मग माझे जुने मासे चाळीसमध्ये जगले कसे?’ काकांचा प्रश्न रास्त होता. चाळीस म्हणजे काही विष नव्हे. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात पाणी चाळीसच्याही वर असतं आणि तिथे मासे सुखाने राहतात. जुने मासे तिथवर पोचले होते हळूहळू, कळतही नाही अशा वेगाने. ते कसं घडलं हे त्याच वहीत लिहिलेलं होतं, दुसऱ्या रकान्यात. काका पाणी बदलायला वीस लिटरची बादली कालवायचे आणि काटा १.०२५ ला येईपर्यंत मीठ घालायचे; किती लागलं तेही लिहायचे. सुरुवातीला बादलीला ७४० ग्रॅम, जे बरोबरच आहे. काही महिन्यांनी ७७०. मग ८००. शेवटच्या पानांवर ८६०. एका ठिकाणी समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: ‘नवं पोतं कमी ताकदीचं दिसतंय.’ ते वाचून मला हसू आवरेना, आणि मग काकांनाही. काट्यावर थर चढत गेला, मीठ वाढत गेलं, आकडा मात्र शहाण्यासारखा १.०२५ च राहिला. उडालेल्या पाण्याची भरणी ते शुद्ध पाण्यानेच करत होते, तिथे काही चुकत नव्हतं.

मग बाकीच्या गोष्टीही जुळल्या. शेवाळ खायला आणलेल्या गोगलगायी काचेवरून गळून पडायच्या. त्यांना तर माशांसारखी मीठ बाहेर टाकायची सोयही नसते, बाहेर जेवढं खारट तेवढंच आत. आणि एका कोपऱ्यातला लेदर कोरल, एक मऊ प्रवाळ, महिनोन् महिने मिटून बसला होता. काकांना वाटत होतं उजेड कमी पडतोय, म्हणून त्यांनी दिवाही बदलला होता.

पिशवीतला मासा रॉयल ग्रामा होता. त्याच्या पाण्यात अमोनिया जेमतेम होता, त्यामुळे घाई नव्हती. लांबून पार्सलने आलेल्या माशाचं तसं नसतं. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच पडतो, आणि त्या आम्लात अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा पाण्यात दोन तास ड्रिप लावून बसणं म्हणजे माशाला त्याच्याच घाणीत शिजवणं. तिथे आधीच त्याच्या खारटपणाचं ताजं पाणी तयार ठेवायचं आणि मासा सरळ त्यात हलवायचा. ‘जितका सावकाश तितका चांगला’ हा सल्ला कोणी डोळे झाकून दिला की माझं डोकं फिरतं.

ग्रामासाठी वेगळी छोटी टाकी मांडली: हीटर, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड, लपायला पाइपचा तुकडा, पाणी चोवीसचं. रोज दोन पीपीटीपेक्षा जास्त वाढवायचं नाही असं ठरलं. तिकडे मोठ्या टाकीतून रोज पाच लिटर काढून तेवढंच शुद्ध पाणी घालायचं, म्हणजे दिवसाला जेमतेम अर्ध्या पीपीटीची उतरण. माशांनी याहून जलद सोसलं असतं, पण दगडांतल्या जिवाणूंना आणि त्या कोरलला धक्का नको होता. दोन्ही पाण्यांची गाठ पस्तीसला पडणार होती. ग्रामाला मात्र पस्तीसला पोचल्यावरही काही आठवडे छोट्याच टाकीत ठेवायचं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली एका माशाचा कल्ला स्वच्छ दिसला म्हणून पुढचे सगळे मासे निरोगी येतील असं थोडंच आहे?

कोरल ब्यूटीचा श्वास बादलीत थोडा संथ झाला, पण दुसऱ्या दिवशी ती गेली. ग्रामा जगला. लेदर कोरल टाकी अडतीसच्या खाली आली तसा उघडायला लागला, आणि दिव्याचे पैसे फुकट गेले म्हणून काका हळहळले. हायड्रोमीटर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला तर थर विरघळला आणि काटा पुष्कळ सुधारला. तरी मी तो ठेवू दिला नाही.

वहीतले सगळेच मासे मिठाने गेले असं मात्र मला वाटत नाही. एका टँग माशाच्या नोंदीत ‘शेपटी फाटलेली, नववा दिवस’ असं होतं. तिसरा दिवस नव्हे, नववा. त्याच्यामागे तो डॅमसेल असणार. बोटाएवढा मासा, पण अर्धी टाकी त्याच्या मालकीची आहे अशा थाटात फिरतो. माझ्या हातालाही डसला. ग्रामाला मोठ्या टाकीत आणायच्या आधी दगडांची मांडणी बदलायची आणि त्या दादाला काही दिवस जाळीच्या पेटीत कोंडायचं, असं काकांना सांगून ठेवलंय. त्यांचा जीव त्याच्यावरच आहे, त्यामुळे पेटी अजून आलेली नाही.