सोडायचाच, तर गरवता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मालवणहून मामाचा फोन आला की हा प्रश्न ठरलेलाच: “सोडूचोच तर गरवतंस कित्याक?” पुण्याची मंडळी तेच जरा सभ्य भाषेत विचारतात. मी अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनियापोलिसला राहतो आणि सवड मिळाली की शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये चिपेवा नदीवर फ्लाय रॉडने, म्हणजे केसांचं खोटं आमिष (फ्लाय) फेकायच्या काठीने, मस्की गरवतो, गळाला लावतो. मासा लागलाच तर सोडून देतो. न लागण्याचे दिवसच जास्त.

आधी सोपं उत्तर. मस्की हा इथल्या गोड्या पाण्यातला बडा शिकारी, १९५५ पासून विस्कॉन्सिनचा राज्यमासा. एवढ्या मोठ्या शिकाऱ्याला पोसायला पाणीही तेवढंच लागतं, त्यामुळे तो मुळातच विरळा. पुरता मोठा व्हायलाही त्याला बरीच वर्षं लागतात. मिनेसोटात तर बहुतेक तळ्यांवर ५४ इंचांपेक्षा, म्हणजे साडेचार फुटांपेक्षा, लहान मस्की ठेवताच येत नाही. पूर्वी असं नव्हतं. नावेत घेण्याआधी त्याला सरळ पिस्तुलाची गोळी घालायचे आणि मग टांगून फोटो काढायचे. १९६६ मध्ये मिनेसोटातच ‘मस्कीज इन्कॉर्पोरेटेड’ ही गरवणाऱ्यांची संस्था निघाली आणि तिने मासा सोडायची सवय लावली. आपल्याकडेही मासे राखायची रीत आहेच. महाडजवळ वाळणकोंडीतले महसीर देवीचे म्हणून कुणी धरत नाही. पण तिथे त्यांना गळही लावत नाहीत, असं मामा म्हणाला तर मी गप्प बसेन. गळ टोचतोच. माशाला काही वाटत नाही असं छातीठोक सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

खरं उत्तर वेगळं आहे. मला तो नावेपाशी आलेला बघायचा असतो.

माझी फ्लाय वीतभराहून लांब, हरणाच्या शेपटीच्या केसांची. केस उलटे बांधून मागे वळवले की आत पोकळी राहते. मग थोड्या केसांत जाडजूड मासा दिसतो आणि फेकताना पाणीही झटकन निथळतं. हे काम रात्री जेवणाच्या टेबलावर चालतं. डाळीत केस सापडतात ही बायकोची तक्रार खरी आहे. फ्लायच्या पुढे तारेचा तुकडा, नाहीतर मस्कीचे दात दोरी सहज कापतात. अकरा नंबरचा, म्हणजे चांगला दणकट रॉड घेऊन हे धूड दिवसभर फेकायचं, हाताने लाइन (रॉडची दोरी) ओढत आणायचं. मधेच थांबलं की फ्लाय आडवी होते, जखमी माशासारखी. बहुतेक वेळा काहीच होत नाही.

आणि एखादे वेळी फ्लायच्या मागे काळपट सावली दिसते. मस्की हल्ला न करता नुसता मागे मागे येतो, थेट नावेपर्यंत. इथे रॉड उचलला की खेळ संपला. रॉडचं टोक पाण्यात बुडवायचं आणि नावेलगत भला मोठा इंग्रजी आठ काढायचा. वळणं रुंद हवीत, कारण चार फुटी माशाला आखूड वळण घेता येत नाही. तो वळतो तेव्हा कल्ले हलताना दिसतात, डोळा दिसतो, आणि त्याचं लक्ष आपल्याकडे अजिबात नसतं. माझे गुडघे या वेळी कामातून जातात. तोंड उघडलं की लाइन हाताने सरळ मागे खेचायची, रॉड वर न्यायचा नाही. ट्राउट गरवून आलेले हमखास वर नेतात आणि मासा जातो.

लागला तर पुढचं काम झटपट. मासा जाळ्यात, पण पाण्यातच. लांब पक्कड, गळ रुतला असेल तर कटरने तोडायचा, शेपटीच्या बुंध्याशी धरून उभा ठेवायचा, झटका देऊन गेला की गेला. पाणी २७ अंशांच्या पुढे तापलं की मी मस्कीवर जातच नाही, कारण तेव्हा सोडलेला मासाही पुढे दमून मरू शकतो. उन्हाळ्यात “ये ना, मजा आहे” म्हणणारे गाइड भेटतात. त्यांना पैसे देऊ नका.

आणि मामा, खायचाच तर वॉलआय, हा इथला दुसरा मासा. त्याच्यावर मी काही दयामाया दाखवत नाही. रवा लावून तळला की सुरमईची आठवण येत नाही. बरं, थोडी येते.